केशरी अजगर

काचेच्या पेटीत तो वेटोळं घालून पडला होता. परदेशी अजगर, अजून लहान, फिकट केशरी आणि मधूनच दुधासारखा पांढरा. "साहेब, असा रंग हजारात एखादाच निघतो," दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून माझे शेजारी सुधीरराव दचकले नाहीत, उलट खूश झाले. स्वस्त असता तर त्यांना तो आवडलाच नसता.

घ्यावा की नाही, हे ठरवायला त्यांनी मला मुद्दाम सोबत आणलं होतं. "आमच्या सोफ्याला शोभेल ना हो?" त्यांनी विचारलं. तो खातो काय, जगतो किती, याची चौकशी नाही. अशांना देवाने डोळे दिलेत ते किमतीची चिठ्ठी वाचण्यापुरतेच.

मला गेली नागपंचमी आठवली. सकाळी सुधीररावांनी पाटावर चंदनाने नाग काढला, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवला. नागाला इजा नको म्हणून त्यांच्या घरात त्या दिवशी कुणी विळीलासुद्धा हात लावला नाही. दुपारी आमच्या पार्किंगमध्ये एक धामण निघाली. मातकट, बिनविषारी, आपल्या वाटेने चाललेली. ती धामणच आहे, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरी सुधीररावांनी तिला काठीने ठेचून मारलं. तिच्या रंगाला कुणी दमडी दिली नसती.

"मग काय, घेऊ?" सुधीरराव म्हणाले.

"रंग छान आहे," मी म्हणालो. याहून जास्त बोलायला मला तोंड नव्हतं. त्या दुपारी धावत जाऊन काठी मीच आणून दिली होती.