करंड्यातला लेझर

"भाऊजी, लेन्सवर लाल ठिपके आहेत," अनघा फोनवर म्हणाली.

मी देवासच्या माझ्या ऑफिसात शेव-परमल खात बसलो होतो. "मग पुसून टाक," मी म्हणालो. लेन्सबद्दल माझं ज्ञान चष्म्याइतकंच आहे.

"पुसतेच आहे. पण ठिपके कसले आहेत माहितीये? कुंकू आहे."

मी शेव-परमल बाजूला ठेवलं.

मी पेटंट एजंट आहे. कोणी काही नवीन शोध लावला, की तो कायद्याच्या भाषेत लिहायचा, त्याची चित्रं काढायची आणि पेटंट ऑफिसात अर्ज करायचा, हे माझं काम. देवासमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "मतलब लायसन बनवता का भिया?" मी हो म्हणतो. वाद घालण्यात दिवस जातो.

अनघा माझ्या बायकोची मामेबहीण. धारची. फिजिक्स शिकवायची. कॉलेजातली नोकरी सोडून तिनं लेझरचं काम सुरू केलं, तेव्हा सासुरवाडीत दोन तट पडले होते. मी मधोमध उभा होतो, कारण तिची फी मलाच मिळणार होती.

तिचा शोध मला समजायला बराच वेळ लागला, म्हणून तुम्हाला सोपा करून सांगतो. लेझर डायोड म्हणजे मोहरीपेक्षा लहान तुकडा. करंट दिला की त्यातून प्रकाश निघतो, पण तो पंख्यासारखा पसरतो. त्याला वळण लावायला समोर इवलीशी लेन्स चिकटवतात. घोळ त्या चिकटवण्यात असतो. गोंद वाळताना आकसतो आणि लेन्सला एका बाजूला ओढतो. मग आपल्याकडचा उन्हाळा लागला की आणखी ओढतो. लेन्स केसभर सरकली की लांबवर पडणारी प्रकाशाची रेघ चांगली बोटभर सरकते. लसणाची प्रतवारी करणाऱ्या मशीनमध्ये पट्ट्यावर अशी रेघ टाकतात. गड्डी रेघेखालून गेली की रेघ वाकते, आणि ती किती वाकली त्यावरून कॅमेरा गड्डीचा आकार ओळखतो. रेघच सरकली तर मोठा लसूण छोट्यात आणि छोटा मोठ्यात.

अनघानं लेन्सच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर खाचा केल्या आणि गोंदाचा थेंब प्रत्येक खाचेत अशा रीतीनं बसवला, की दोन्ही थेंब लेन्सला सारख्याच जोरानं ओढतात. लेन्स मधेच राहते. लेझर तापतो, म्हणून हे सगळं पितळेच्या गोल डबीत बसवलं. पितळ उष्णता पटकन बाहेर काढतं. डबीला वर फिरकीचं झाकण, बाजूला प्रकाशासाठी बारीक फट, मागे वायर. पहिली डबी तिनं धारच्या गच्चीवर अख्खा उन्हाळा ठेवली. रेघ जागची हलली नाही. पुण्याची एक कंपनी तिच्याकडून हे तंत्र घ्यायला तयार झाली होती. त्यांना तीच उन्हाळा काढलेली डबी बघायची होती.

आणि आता तिच्यात कुंकू.

"डबी होती कुठे इतके दिवस?" मी विचारलं.

"धारला. आबांच्या कपाटात. मी इथे देवासला दुसरीवर काम करत होते, ही कालच आणली." ती म्हणाली. "भाऊजी, खंडेनवमीला आबांनी ती पूजेत ठेवली होती."

आमच्या सासुरवाडीचा जुन्या दरबाराशी संबंध. तलवारी आता दोनच उरल्यात, त्यांतली एक म्यानातून निघत नाही. पण खंडेनवमीला पूजा थाटात होते. ज्याची जी हत्यारं असतील ती चौरंगावर मांडतात. डॉक्टर पुतण्याचा स्टेथोस्कोप, कोणाचा लॅपटॉप, माझं पेन. भाऊबंद, शेजारी, मामासाहेबांचे जुने सहकारी, सगळे दर्शनाला येतात. मामासाहेब म्हणजे अनघाचे वडील, तिचे आबा.

घाबरण्याचं कारण असं. अर्ज करण्याआधी शोध चारचौघांत उघड झाला, तर तो कायद्यानं नवीन राहत नाही. खुद्द शोध लावणाऱ्यानं दाखवला तरी. खंडेनवमी आधी झाली होती आणि आमचा अर्ज दिवाळीनंतर गेला होता. पुण्याच्या कंपनीला तर अनघाकडून लिहून हवं होतं, की अर्जाआधी ही वस्तू कुठेही उघड केलेली नाही. त्याच आठवड्यात सही करायची होती.

"झाकण लावलेलं होतं ना?" मी विचारलं.

"आबांना विचारा," ती म्हणाली. "माझ्याशी ते धड बोलत नाहीयेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं धारला गेलो. मामासाहेब व्हरांड्यातच बसले होते. समोर चहा गार झालेला.

"झाकण मीच काढलं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "अरे, पूजा यंत्राची की झाकणाची? पोरीनं नोकरी सोडून बनवलंय. चार लोकांनी बघावं असं वाटलं, इसमें क्या गलत है?"

"आबा, चार लोकांनी बघू नये हेच तर होतं," अनघा म्हणाली.

"मग तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं."

"कोणाला देऊ नका म्हणाली होतीस. पूजेत ठेवू नका असं कुठे म्हणालीस?"

यावर अनघानं माझ्याकडे पाहिलं. गुप्तता कशी पाळावी यावर तिच्या घरच्यांना मीच भाषण दिलं होतं. त्यात मी स्पर्धक, प्रदर्शनं, इंटरनेट, सगळं घेतलं होतं. चौरंग राहून गेला होता.

मामासाहेब आवाज खाली आणून म्हणाले, "आता कोणाला काय कळणार आहे? कर सही."

"उद्या कोणी उकरून काढलं तर पेटंट रद्द होईल," मी म्हणालो, "आणि खोटं लिहून दिलं म्हणून कंपनी अनघाला धरेल. जे झालं ते सगळं त्यांना सांगावं लागेल."

अनघानं मान डोलावली. नोकरी तिची गेली होती, माझी नाही, हे मला त्या क्षणी जरा जास्तच जाणवलं.

"पण आत कुंकू कसं गेलं?" मी विचारलं.

"ते अक्कासाहेबांना विचारा," मामासाहेब म्हणाले. "मी डबी मांडून अंघोळीला गेलो. दसऱ्याला उत्तरपूजा करून उचलली तर काठोकाठ कुंकू. मीच झटकून, पुसून ठेवली. पोरीला कसं सांगणार?"

अक्कासाहेब म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजेच माझ्या सासूबाई; त्या भावाकडेच राहतात. त्या आत लसूण सोलत होत्या. सगळं ऐकत होत्याच.

"आईसाहेब, चौरंगावरच्या पितळी डबीत कुंकू तुम्ही भरलंत?"

"करंडा उघडा रिकामा ठेवतात होय जावईबापू? अपशकुन. भरला मी."

"आत काही दिसलं?"

"तळाशी सुपारीचं खांड होतं बारीकसं. म्हटलं असू दे."

अनघानं डोळे मिटून घेतले. तिची तीन वर्षं ते सुपारीचं खांड.

"आणि मागची वायर?"

"मला वाटलं, खिळ्याला टांगायचा असेल. आजकाल काहीही निघतं बाजारात."

आता खरा प्रश्न होता. "कुंकू भरलं कधी? पाहुणे आल्यावर की आधी?"

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं त्यांनी माझ्या लग्नात मी उपरणं उलटं घेतलं तेव्हा पाहिलं होतं. "पाहुणे यायच्या आधी कुंकू भरायचं नाही तर काय ते गेल्यावर? आबा न्हाणीघरात होता. मी तिथेच बसून सगळं मांडलं, मग दार उघडलं."

"पूजेनंतर कोणी डबी उचलली? चालू करून पाहिली?"

"पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी कोण वापरतं?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसूण घेतला.

पुण्याच्या कंपनीच्या वकील आठल्ये मॅडम. त्याच दुपारी त्यांच्याशी व्हिडिओ कॉल झाला. अनघानं काही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं.

"कोणाला समजलं की नाही, हा मुद्दाच नाही," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याला आतली रचना दिसू शकत होती का, हा मुद्दा आहे. डबी भरलेली होती याला पुरावा काय? घरच्यांच्या शब्दाशिवाय?"

मामासाहेबांनी मोबाइल काढला. पूजेचे फोटो फॅमिली ग्रुपवर होते. आरतीचे, तलवारीचे, प्रसादाचे. ते पाठवल्यावर मॅडम एकेक फोटो बघू लागल्या. एका फोटोवर त्या थांबल्या.

"हा स्पष्ट आहे. डबी काठापर्यंत भरलेली दिसतेय. हे वाकून तिच्यातून कुंकू घेताहेत ते कोण? कोणी पाहुणे?"

मी खाकरलो.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही? अर्जाची चित्रं तुम्हीच काढलीत ना?"

"हो, नवरात्राच्या आधीच. सगळ्या बाजूंनी. उभा छेद, आडवा छेद."

"आणि तुम्ही ती ओळखली नाहीत?"

"मला करंडा वाटला. कुंकू लावून मी जेवायला गेलो."

आठल्ये मॅडमनी कॅमेरा बंद केला. आवाज मात्र चालू राहिला, त्यामुळे त्या हसताहेत हे आम्हाला कळलं. परत दिसल्या तेव्हा चेहरा वकिलाचा होता. "माझ्या मते हे चालेल. पाहुण्यांना दिसलं ते कुंकू. आत पाहिलं ते फक्त घरातल्यांनी. मी कंपनीला तसं लिहीन. फोटो द्या, दोघा वडीलधाऱ्यांचे जबाब द्या. आणि तुमचं एक प्रतिज्ञापत्र लागेल. तेच सगळ्यात भक्कम आहे."

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हुशारीचे कागद केले. हा एकच माझ्या स्वतःच्या बुद्धीवर केला. "सदर शोधाची चित्रं मी स्वतः काढलेली असूनही, हातभर अंतरावरून सदर वस्तू मला ओळखता आली नाही." नोटरीनं तो दोनदा वाचला आणि शिक्का मारण्याआधी माझ्याकडे पाहिलं. बायकोनं त्याची एक प्रत मागून घेतली. घरात काही सापडेनासं झालं की ती अजून त्याचा उल्लेख करते.

कंपनीनं मान्य केलं. अनघानं डबी साफ केली, करंट दिला. भिंतीवर रेघ पडली, जिथे गच्चीवरून काढल्यावर पडत होती तिथेच. कंपनीचे इंजिनीयर म्हणाले, उन्हाळ्याची टेस्ट त्यांना माहीत होती, कुंकवाची नवीन आहे. करार झाला. अनघानं देवासला दोन खोल्यांची वर्कशॉप घेतली, आणि मामासाहेब देवासला आले की भेटेल त्याला ती बाहेरून दाखवतात. आत नेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "कायदा आहे."

नव्या क्लायंटला मी गुप्ततेच्या सूचना देतो, त्यात आता एक ओळ वाढवली आहे: झाकण काढून पूजा करू नये. लोक हसतात, मी हसत नाही. या खंडेनवमीला मी चौरंगाशी वाकलो आणि हात मधेच थांबवून विचारलं, "आईसाहेब, हा करंडाच ना?"

"करंडाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी मुद्दाम चांदीचा काढलाय."