खऱ्या मापाचा चेहरा

मुंबईत थंडी येते ती पाहुण्यासारखी. दारातच चहा पिते आणि निघून जाते. तरी जानेवारीतल्या त्या सकाळी मरोळ नाक्यावरच्या वॉचमननं माकडटोपी चढवली होती, आणि रिक्षावाले चहाचे ग्लास शेकोटीसारखे दोन्ही हातांत धरून उभे होते. हवेत धूर आणि सिमेंटची धूळ यांचं असं कालवण झालं होतं की समोरच्या इमारतीचे वरचे मजले कुणीतरी पुसून टाकल्यासारखे दिसत होते.

अशा हवेत भीमराज पाईकरावला काचा पुसण्यावाचून गत नव्हती. शटर वर ढकललं, कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावली, आणि मऊ फडकं घेऊन तो एकेक टॅब्लेट पुसायला बसला. एक टोक पुसून दुसऱ्याकडे जावं तोवर पहिल्यावर धूळ हजर. दुकान तरी केवढं? दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं फुटपाथवर थांबायचं. पण नवे-जुने टॅब्लेट घ्यायला मरोळची माणसं इथंच यायची, ती त्याच्या पाट्यांमुळे.

या पाट्या म्हणजे भीमराजचं स्वतःचं खूळ. हिंगोलीकडून आला तेव्हा तो साकीनाक्याच्या एका गाळ्यात पत्रा कापायचा. गाळा बंद पडला, हात राहिले. टॅब्लेटचं दुकान टाकलं तेव्हा त्यानं जुन्या ओळखीच्या कारखान्यात अॅल्युमिनियमच्या पाट्या कापून आणल्या. आठ इंची, अकरा इंची, तेरा इंची. जेवढा टॅब्लेट तेवढीच पाटी, आणि वजनही बरोबर तेवढंच. कडा घासून गुळगुळीत केल्या आणि खिळ्यांना टांगून ठेवल्या.

गिऱ्हाईक आलं की भीमराज आधी माल दाखवतच नसे. पाटी हातात द्यायचा आणि भलत्याच गप्पा काढायचा. गाव कोणतं, पोरं किती, पाणी येतं का वेळेवर. माणूस बोलण्यात रंगला की त्याच्या मनगटाकडे बघायचं. मनगट खाली आलं की पाटी बदलायची.

त्या सकाळी पहिला आला तो एक रिक्षावाला. "शेठ, मोठ्यातला मोठा दावा. पिक्चर बघायचाय."

"कुठं बघणार?"

"रिक्षात. भाडं नसलं की."

भीमराजनं तेरा इंची पाटी त्याच्या हातात दिली. "धर. आता हँडलमागं बस, आणि एक भाडं आलं असं समज. कुठं ठेवशील?"

रिक्षावाल्यानं पाटी मांडीवर ठेवली, बगलेत घातली, शेवटी ढुंगणाखाली सरकवली आणि स्वतःच हसला. "वाट लागली ना याची!"

"म्हणून आठ. खिशात नाय बसला तरी डिकीत बसतो."

हा भीमराजचा धंद्याचा मंत्रच होता. कशासाठी पाहिजे ते सगळेच विचारतात, आपण विचारायचं की कुठं ठेवणार. नकाशे काढणाऱ्या पोराला मोठा, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरीला मधला, अंथरुणात पडल्या पडल्या भजनं ऐकणाऱ्या म्हातारबाला लहान, नाहीतर झोप लागली की नाकावरच पडायचा. शेजारचा चपलांच्या दुकानाचा मालक, ज्याला सगळा नाका भाऊच म्हणे, तो कायम टोमणा मारायचा, "भीमा, मी पायाचं माप घेतो, तू मनाचं घेतोस. फरक एवढाच, माझा माल लवकर झिजतो."

भीमराज हसायचा. पण गेले काही दिवस त्याला हे हसू जड जात होतं. कारण त्याच्या स्वतःच्या घरात भिंतीवर तेरा इंची लावलेला होता, आणि त्या दिवसापासून घर मुकं झालं होतं.

त्याची पोरगी सपना नर्स होऊन जर्मनीला गेली होती, तिथल्या एका वृद्धाश्रमात. इथं संध्याकाळचे दिवे लागायचे तेव्हा तिथं दुपार कलायची. सकाळची ड्युटी संपवून ती खोलीवर यायची, आणि इथं माधुरी, तिची आई, भाकरी टाकायला घ्यायची. माधुरीचा जुना फोन ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवलेला. त्यात सपना. तिनंही तिकडं तिचा फोन असाच मिठाच्या बरणीला टेकवलेला. दोघी एकमेकींकडे बघायच्यासुद्धा नाहीत. एक तव्याकडे बघून बोलायची, दुसरी कांद्याकडे. मधेच सपनाच्या खोलीचं नुसतं छत दिसायचं, मधेच माधुरीचं कोपर. पण तोंडं काही थांबत नसत. कोणाचं लग्न ठरलं, कोणत्या म्हाताऱ्यानं आज गोळ्या थुंकल्या, वरणाला फोडणी आधी की नंतर.

भीमराज दुकान बंद करून यायचा तेव्हा या गप्पांचं शेपूट हाती लागायचं. "पप्पा आले बघ. ठेवू?" एवढंच. तो ओट्यापाशी वाकायचा तर फोनमधली पोरगी लिंबाएवढी. तिचा चेहरा बघायला डोळे बारीक करावे लागायचे. जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. तिच्या हनुवटीवर लहानपणी पडलेली खोक होती, पाट्या घासताना त्याला ती आठवायची, आणि ती उजवीकडे होती की डावीकडे हे काही केल्या आठवायचं नाही. बाप असून आठवू नये, याचं त्याला आत कुठंतरी बोचत राहायचं.

मग तो जुना फोन एकदाचा मेला. भीमराजनं माधुरीला बोलण्यापुरता बटणाचा फोन दिला आणि घरी तेरा इंची आणला. बाहेरच्या खोलीत शोकेसशेजारी ब्रॅकेट ठोकून उभा बसवला. पहिल्या संध्याकाळी सपना त्यात आली आणि भीमराज बघतच राहिला. चेहरा खऱ्या मापाचा! कपाळ कपाळाएवढं, कान कानाएवढा. खोक डावीकडे होती. बोलणं संपल्यावर कुणी बघत नाही असं पाहून त्यानं काचेवर तळवा ठेवला, जिथं तिचा गाल होता तिथं.

माधुरी मात्र त्या पडद्यापुढे खुर्ची ओढून बसायची, पदर सारखा करायची, हात मांडीवर ठेवायची. फोटो काढायला बसल्यासारखी.

"जेवलीस?"

"हो."

"थंडी हाय का गं?"

"आहे. तुम्ही बरे आहात ना?"

"बरेच."

मग दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. एवढ्या मोठ्या, एवढ्या समोरासमोर, की लपायला जागा नाही. सपनाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसायची, ती माधुरीला विचारता यायची नाहीत. माधुरीचे पिकलेले केस दिसायचे, ते सपना बघायची आणि काही बोलायची नाही. रोजचा फोन हळूहळू रविवारवर आला. गेल्या रविवारी तर तोही नाही. नुसता निरोप, 'ड्युटी आहे, पप्पा.' भीमराजला धास्ती एकच होती. पोरगी लांब गेली होतीच, आता ती पाहुणी व्हायला लागली होती.

दुपार चढताना दुकानात नीलाताई आल्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या, अंधेरीला एकट्याच राहणाऱ्या, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या. जुने दिवाळी अंक वाचायला त्यांना मोठा पडदा हवा होता. भीमराजनं तेरा इंची पाटी दिली आणि गप्पा काढल्या. हात लवकरच खाली आला.

"जड होतोय, ताई. अकरा घ्या."

"अहो, हातात कशाला धरू? हे होते तेव्हा त्यांनी मला पुस्तक ठेवायला लाकडी घोडी करून दिली होती. जेवणाच्या टेबलावर असते ती. त्यावर ठेवेन आणि समोर बसून वाचेन."

"मग तेराच. अक्षर हरभऱ्याएवढं करता येईल." त्यानं फळी चाचपली. "पण आत्ता तेरा शिल्लक नाही. होता तो मी घरी नेला."

"घरी? कोणासाठी?"

"मंडळींसाठी. पोरगी परदेशात आहे. बोलायला."

"अरे वा. कुठे ठेवलाय?" नीलाताईंनी सहज विचारलं. तो जसा सगळ्यांना विचारायचा तसं.

"भिंतीवर," भीमराज म्हणाला.

"आणि त्या बोलतात कुठून?"

भीमराजनं फडकं हातात घेतलं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागला. माधुरी कुठून बोलते? माधुरी ओट्यापाशी बोलते. लग्न झाल्यापासून ती ओट्यापाशीच बोलत आलेली आहे. भांडली ती ओट्यापाशी, पोरगी नर्सिंगला लागली तेव्हा रडली ती ओट्यापाशी. अख्ख्या मरोळला त्याने हे विचारलं होतं. घरात विचारलं नव्हतं. कारण घरातला टॅब्लेट त्याने माधुरीसाठी घेतलाच नव्हता.

"उद्या घरी आणतो, ताई," तो म्हणाला. "तेरा देतो तुम्हाला. घरातला आहे, पण नव्यासारखा आहे."

संध्याकाळी त्यानं पाट्या खिळ्यांवरून उतरवल्या, पिशवीत घातल्या आणि शटर लवकर ओढलं. भाऊ ओरडला, "काय रे भीमा, सासुरवाडी का?"

"माप घ्यायचंय एका गिऱ्हाइकाचं. घरी बोलावलंय."

घराचं दार लोटलेलंच होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज आणि माधुरीचं बोलणं. फोन आला असं वाटून तो झपाट्यानं आत गेला. बाहेरच्या खोलीत भिंतीवरचा पडदा काळा होता.

"बघ गं," माधुरी स्वयंपाकघरात म्हणत होती, "पीठ विरी गेलंय, चिकटपणाच ऱ्हायला न्हाई. एक भाकर धड उलटंना. तुझे पप्पा म्हणतील, हात बिघडला." ती पिठाच्या डब्याकडे बघूनही बोलत नव्हती. तव्याकडे बघून बोलत होती. जशी रोज बोलायची तशी.

भीमराज दारात उभा राहिला. खाकरला. माधुरी तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवायला लागली.

त्यानं पिशवीतून पाट्या काढल्या. अकराची पिठाच्या डब्याला टेकवून पाहिली, तर तिचं टोक नळाखाली जात होतं आणि मिसळणाचा डबा झाकला जात होता.

"काय मोजायलाव?"

"तू भाकरी टाक. माझ्याकडं बघू नको."

"गिऱ्हाईक समजायलाव का मला?"

"आधीच समजायला पाहिजे होतं," भीमराज म्हणाला.

त्यानं आठची पाटी ठेवली. डबा आणि मिसळणाच्या मधोमध बसली, जशी काय तिथंच जन्मली. माधुरीनं न सांगता पिठाच्या हातानं ती थोडी आपल्याकडे कलती केली. पाटीवर चार बोटं उमटली.

"हिला पीठ लागलं तर चालंल?"

"पुसता येतं."

"आन् भिंतीवरचा?"

"एका ताईंना पाहिजे. त्यांच्याकडं ठेवायला जागा आहे."

माधुरीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. काचेवर गालाच्या उंचीला तळव्याचा डाग असायचा, आणि शोकेस पुसताना ती तेवढा भाग सोडून पुसायची. "ऱ्हाऊ द्या की तो बी," ती म्हणाली. "तुम्हाला बघायला."

"ती बोलली तर बघायचं ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं ब्रॅकेट उघडलं, पडदा पुसला, डागासकट, आणि नीलाताईंच्या लाकडी घोडीवर नेऊन ठेवला. दुकानातून आठ इंची आणला. सपनाला निरोप टाकला, 'आई भाकरी करतेय.' बाकी काही लिहिलं नाही.

वाट बघायची म्हणून लसणाचा गड्डा घेऊन तो ओट्याच्या खाली पाटावर बसला. माधुरीनं पहिली भाकरी टाकली. दुसरी टाकली. आठ इंची गप्पच. तिसरी तव्यावर असताना तो वाजला. माधुरीचे हात पिठात, म्हणून तिनं कोपरानं दाबला.

"आई! मला कुठं ठेवलंयस? डब्यापाशी का गं?"

"मग कुठं? भिंतीवर टांगू?"

"काय यार आई, किती दिवसांनी तुझं कोपर दिसलं! थांब, थांब, मी पण ठेवते, कांदा कापायचाय." तिकडं काहीतरी टेकवल्याचा आवाज आला आणि पडद्यावर छत दिसायला लागलं. "बोल. पीठ कसलंय? एवढं का थापतेस?"

"विरी गेलंय."

"मग गरम पाण्यानं मळ ना! मीच शिकवू का आता?"

"शिकव बाई. तिकडं जाऊन शहाणी झालीस."

आणि सुरू झाल्या. एक तव्याकडे बघून, एक कांद्याकडे बघून. भीमराज पाटावरून वर बघत होता. त्या बाजूनं त्याला काचेवरची दिव्याची तिरीप दिसत होती, आणि कधीमधी, सपना वाकली की, लिंबाएवढ्या चेहऱ्याची कड. खोक कुठं दिसत नव्हती. पण डावीकडे होती, हे आता त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पप्पा कुठेत गं? दुकानात?"

"इथंच हायेत. खाली बसलेत, लसूण सोलायलेत."

"पप्पा, उठा की, दिसा तरी!"

भीमराज अर्धा उठला. उठला असता तर तिनं कांदा ठेवला असता, समोर येऊन बसली असती, आणि जेवलात का म्हणून विचारलं असतं. तो परत खाली बसला.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "मी ऐकतोय."

त्यानं पाकळीचं टोक नखानं तोडलं, साल ओढली, आणि दुसरी पाकळी घेतली.