वीरण्णा मिस्त्री आणि सरांची हादरणारी गाडी

लातुरात औसा रोडला वीरण्णा मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं, पण त्याला भिंत म्हणून एकही नाही. चार खांब, वर पत्रा, संपलं. सामान चोरीला जातं, पावसाची झड आत येते, उन्हाळ्यात धूळ उडून ग्रीसमध्ये बसते, पण हा गडी भिंत काही बांधू देत नाही. मूळचा किल्लारीचा. भूकंपाच्या त्या पहाटे अंगणात बाजेवर झोपला होता म्हणून अकरा-बारा वर्षांचं ते पोर वाचलं. आत झोपलेलं कुणीच वाचलं नाही. केवळाबाई आत्यानं त्याला वाढवलं, पण तिच्या नव्या पक्क्या घरात तो एकदाही झोपला नाही. पायाखाली काही थरथरलं की अजूनही उठून मोकळ्या जागेत पळतो. मग ते रोड-रोलरचं असो, वरातीतल्या डीजेचं असो की पिठाच्या गिरणीचं.

आणि असल्या माणसानं धंदा कोणता निवडावा? इंजिन दुरुस्तीचा! आता बोला. एखादी गाडी मिसिंग मारत, म्हणजे एखादा सिलिंडर पेटायचा चुकवत, गदगदा हलत पत्र्याखाली आली की मिस्त्री हातातला पाना टाकून रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली, आणि तिथून ओरडायचा की आधी बंद करा. नवं गिऱ्हाईक चक्रावून जायचं, जुनं गिऱ्हाईक चहा सांगायचं. दुसरे मिस्त्री म्हणतात, थोडं हादरतंय, चालून जातं. याला चालूनच जात नाही, त्यामुळं मिसिंगच्या सगळ्या गाड्या याच्याकडं. स्वतः मात्र सायकलवर. किल्लारीला आत्याकडं जायचं तरी सायकलच. एसटीत चढायचं नाव नाही.

तर या मिस्त्रीकडं ट्यूशन एरियातल्या गुरुलिंग सरांची गाडी आली. सर फिजिक्सचे. चौकाचौकांत फोटो लागलेला, फोटोत हाताची घडी. गाडी पुण्याहून आणलेली, जुनी, परदेशी. आधीच्या मालकानं तिला मोठा टर्बो बसवला होता, आणि वारा आत घ्यायला बॉनेटवर हे एवढं भोक पाडलं होतं, बैलाच्या नाकपुडीसारखं. नीट असली की वाऱ्यासारखी पळायची, पण ती नीट असायचीच कधी?

वीरण्णानं प्लग बदलले. चार दिवस गाडी गप्प, पाचव्या दिवशी पुन्हा गदगदा. कॉइल बदलल्या, पुन्हा तेच. इंजेक्टर धुतले, गाडीतला पेट्रोलपंप बदलायला लावला, टर्बोच्या नळ्या काढून घातल्या. मिस्त्री प्रत्येक वेळी छातीठोकपणे सांगायचा की आता घोर नाही, आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडायचा. सर तरी काय, चार पर्यायांतून चुकीचे खोडत जायची सवय. एकेक पार्ट खोडत गेले, शेवटी खोडायला गाडीच राहिली.

एरवी वीरण्णानं हात जोडून गाडी परत दिली असती. पण मधे पुनम होती. पुनम त्याची एकुलती लेक, सरांच्याच क्लासला. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा हा तिचा दुसरा प्रयत्न, आणि सेंटर आलं नांदेडचं. सर दरवर्षी पोरांना धीर द्यायला सेंटरवर जातात, ते म्हणाले, माझ्या गाडीत चला दोघं. पुनमनं बापाला निक्षून सांगितलं होतं, यंदा तुम्ही गेटवर पाहिजेत. मागच्या वर्षी बाप सायकलवर बसस्टँडपर्यंत सोडून माघारी फिरला होता, आणि पोरीचे हात पेपरात इतके थरथरले की येणारं सुद्धा चुकलं. वीरण्णा म्हणाला, येतो, पण गाडी हलायची थांबली तर. एवढं बोलून बसला बिचारा, आणि मग त्याला झोप लागेना.

शेवटी तो क्लासच्या पार्किंगमध्येच जाऊन गाडीखाली आडवा झाला, म्हटलं इथंच बघू काय होतं ते. तेवढ्यात पावलं वाजली. पोरापोरींची रांगच लागली की! एकेक जण यायचा, नारळ फोडायचा, पाणी त्या बॉनेटच्या भोकात ओतायचा, हळूच गाडीला आपला परीक्षेचा नंबर सांगायचा आणि कॉलेज मागायचा. एकानं तर लातूरच दे, होस्टेलचं जेवण सोसत नाही, असंही सांगितलं. कुठल्याशा वर्षी पहिल्या आलेल्या पोरीनं म्हणे असंच ओतलं होतं. पाणी कॉइलवरून प्लगच्या खड्ड्यांत आणि तिथून ठिबकत मिस्त्रीच्या मिशीवर. त्यानं चाटून बघितलं. गोड होतं.

संतापला, पण खाली पडल्या पडल्या हसूही आवरेना त्याला! सरांना सांगितलं तर सरांचा चेहरा पडायच्या ऐवजी फुललाच. तरी परीक्षा तोंडावर होती, म्हणून वीरण्णानं खड्डे पुसले, भोकावर पत्रा ठोकून स्क्रू आवळले. गाडी झोपलेल्या लेकरागत शांत चालायला लागली. क्लासमध्ये मात्र हाहाकार. केमिस्ट्रीच्या सरांच्या स्कूटरच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडून बघितलं म्हणतात.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सर गाडी घेऊन गॅरेजसमोर आले. वीरण्णा नवा शर्ट घालून तयार. आयुष्यात पहिल्यांदा नांदेड बघणार होता. पुनम आली, तिच्या हातात नारळ. सगळ्यांनी आधी ओतलं होतं, हिनं मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखलं होतं. बॉनेटवरचा पत्रा बघून तिचा चेहराच उतरला. वीरण्णानं समजावलं, चाकावर ओत, बंपरवर ओत, सरांच्या पायावर ओत हवं तर. सर लगेच बूट काढायला लागले. पुनम नुसती नारळ धरून उभी, आणि नारळ हातात थरथरत होता.

वीरण्णानं एकदा तिच्या हातांकडं बघितलं. मग आत गेला, पेचकस आणला आणि आपणच आवळलेला एकेक स्क्रू सोडवला.

"वत," तो म्हणाला. "सगळं वत."

सर म्हणाले, अहो, बंद पडेल. वीरण्णा म्हणाला, तीन सिलिंडरवर पोचती, तुम्ही फक्त दाबू नका. पुनमनं पाणी ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. सरांनी चावी फिरवली आणि गाडी अशी गदगदायला लागली की पत्र्यावरची चिमणी उडाली. वीरण्णाचा एक पाय चिंचेकडं निघालाच होता. तो त्यानं धरून आत घेतला, अक्षरशः दोन्ही हातांनी, आणि दार लावून घेतलं.

चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. मिस्त्री डोळे गच्च मिटून, घामानं चिंब, मागच्या सीटवर. तोंडानं एकसारखं सरांना गिअर सांगत राहिला होता. सर निमूट ऐकत होते. लोह्याच्या अलीकडं पुनमच म्हणाली, "अप्पा, उतरायचं का जरा?"

"न्हाई," वीरण्णा म्हणाला. "हालू दे."

नांदेडला सेंटरच्या गेटसमोर गाडी थांबली, बंद झाली, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. पोरांचे लोंढे आत चालले होते. पुनमचा उजवा हात त्यानं औसा रोडपासून धरला होता, तो तसाच मुठीत. लाल झाला होता, पण थरथरत नव्हता.

"अप्पा," ती म्हणाली, "सोडा की आता. उत्तरांचे गोळे काळे करायचेत."