थोरलीचं इंजिन

परशुराम कळंबटेला भेटायचं असेल तर त्याच्या घराची कडी वाजवून उपयोग नाही. तो ट्रकखाली सापडतो. बाहेर दोन पाय दिसतात, त्यांच्याशी बोलायचं आणि उत्तर चेसिसमधून ऐकायचं. मी शेजारचा बागायतदार, वय झालेला आणि स्वभावाने तापट. पण या माणसाच्या पायांशी बोलायची मला आता सवय झाली आहे.

ट्रक त्याच्या वडिलांनी घेतलेला. पुढे हातभर नाक काढलेला, जुन्या बांधणीचा. कंपनीने असल्या गाड्या काढायच्या बंद केल्या त्याला एक पिढी उलटली. परशुरामची बायको गंगा लग्न होऊन आली तेव्हा हा ट्रक आधीच दारात उभा होता, म्हणून ती त्याला थोरली म्हणते. "थोरलीची आंगोळ झाली असंल तं धाकटीला बाजार आनून द्या," असं ती अंगणातून ओरडते आणि परशुराम मुकाट्याने पिशवी उचलतो. लांबीने कमी असल्यामुळे ही गाडी आमच्या वाड्यांच्या अरुंद पाखाड्यांपाशी, दगडी पायवाटांपाशी वळते, जिथे मोठ्या गाड्या तोंडही घालू शकत नाहीत. तेवढ्या एका गुणावर जांभ्याच्या चिरेखाणीवरचं काम परशुरामने टिकवलं होतं.

दिवाळी झाली, खाणी सुरू झाल्या आणि भरल्या गाडीत थोरलीचं इंजिन फुटलं. आतला रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. रस्त्यावर ऑइलचं थारोळं. मी आपलं स्पष्ट सांगितलं, "भंगारात घाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

परशुराम चिडत नाही, पण त्या दिवशी चिडला. "आनी मी काय करू, आप्पा? नालासोपाऱ्याला संदेशकडं जाऊन बिल्डिंगच्या गेटवर खुर्ची टाकून बसू?"

संदेश म्हणजे त्याचा मुलगा. एका खोलीत तिघं राहतात, तिथे हा चौथा आणि गंगा पाचवी. गेली तीन वर्षं संदेश त्यांना बोलावतो आहे आणि तीन वर्षं परशुराम थोरलीचं कारण सांगून टाळतो आहे. नवं इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. गाठीला होतं आणि गंगाने बचतगटातून उचललं ते मिळून एक जुनं इंजिन येणार होतं. एकच. ते चुकलं की ट्रक भंगारात आणि नवराबायको नालासोपाऱ्यात. खाणवाल्यानेही सांगून ठेवलं होतं, की देवदिवाळीपर्यंत वाट बघतो, पुढे दुसरी गाडी लावतो.

आठवडाभर आम्ही माझ्या स्कूटरवरून फिरलो. शेवटी दोन इंजिनं हाताशी लागली.

पहिलं मिरकरवाड्याच्या बंदरावर. एका मच्छीमाराने आपल्या बोटीत मोठं इंजिन बसवलं होतं आणि जुनं काढून बर्फाच्या कारखान्यामागे ठोकळ्यांवर ठेवलं होतं. बोटीत ट्रकची इंजिनं बसवणं आमच्याकडे नवं नाही. हेही मूळचं ट्रकचंच, थोरलीच्याच कंपनीचं. हिरवा रंग मारून झकपक केलेलं. चालू करून दाखवलं तेव्हा आवाज एका लयीत. "घाट बघितलेला नाय, खड्डा बघितलेला नाय," मच्छीमार म्हणाला. मी तर खूश झालो. मला रंग आवडतो.

दुसरं हातखंब्याच्या भंगारवाल्याकडे. एक ट्रक वळणावर उलटून खाली गेला होता. त्याचा ड्रायव्हर, स्वरूप नावाचा देवरुखकडचा तरणा पोरगा, जागीच गेला. केबिन चेपून गेली होती, इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता. भंगारवाल्याने काही लपवलं नाही. परशुरामने ते हाताने फिरवून बघितलं, कान लावला, तेलात बोट बुडवून वास घेतला आणि पुन्हा कान लावला. त्याचं हे दुसऱ्यांदा कान लावणं मी ओळखतो. ते त्याला आवडलं होतं.

घरी ही गोष्ट गंगाच्या कानावर गेली आणि आग लागली.

"ज्या इंजिनानं मानूस खाल्ला ता माज्या दारात नको," ती म्हणाली. तिने आरडाओरडा केला नाही, हळू आवाजातच म्हणाली. "आप्पा, तुमी तरी सांगा ह्यांना. रोज त्याच्याम्होरं बसनार हायत हे."

आमच्याकडे असा पेच पडला की माणूस एकाच ठिकाणी जातो. गंगा कौल लावायला ग्रामदेवीच्या देवळात गेली. परशुराम गेला, मीही गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. बोटीचं इंजिन घ्यायचं असेल तर उजवी दे, नको असेल तर डावी. आम्ही उभे. पुष्कळ वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी सुटली आणि पडली.

गंगा रडली. परशुरामने कान पकडून नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मिरकरवाड्याला विसार घेऊन गेलो.

पैसे हातात देण्याआधी परशुरामला काय वाटलं कोण जाणे. तो खाली बसला आणि ब्लॉकच्या कडेला, आतल्या पाण्याच्या पोकळीवर असते ती पत्र्याची टोपी त्याने ठोकून काढली. आत स्क्रू-ड्रायव्हर घातला. लोखंड पापुद्र्यांसारखं सुटून हातावर आलं. त्याने जरा जोर दिला आणि स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. गोड्या पाण्याऐवजी कुणीतरी वर्षानुवर्षं त्यात समुद्राचं पाणी खेळवलं होतं. मच्छीमाराचंही तोंड उतरलं. त्यानेही ते इंजिन दुसऱ्याकडूनच घेतलं होतं.

"चल, दुसऱ्यांदा कौल लावू," मी म्हटलं.

"देवी काय तलाठी हाय, परत परत इचारायला?" परशुराम म्हणाला. देवीचा शब्द मोडून आमच्या गावात सुखाने राहिलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी त्याने गंगाला सगळं सांगितलं. हातावरचे ते पापुद्रेही दाखवले. ती बघेना. शेवटी तो म्हणाला, "देवीच्या पाया पडतो मी. पन गाडी मी चालवतो, देवी नाय."

गंगा उठून आत गेली. त्यानंतर ती नवऱ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, शब्द नाही. हातखंब्याचं इंजिन आलं, बसलं, नंबर कागदावर चढवायचे सोपस्कार झाले, तरी ती ओटीवरून खाली उतरली नाही.

बातमी वाडीभर झाली होती. चिऱ्यांचा पहिला भरणा आरे-वारेच्या पलीकडच्या एका घरासाठी होता. खाणीवर हमालांनी चिरे भरून दिले, पण गाडीत बसायला एकही तयार होईना. चढणीला भरलेली गाडी एकट्याने न्यायची नसते. थांबलीच तर उडी टाकून चाकामागे ठोकळा लावायला दुसरा माणूस लागतो. मी अभिमानाने केबिनमध्ये चढून बसलो होतो, पण माझ्या गुडघ्यांकडे बघून उडी हा शब्द कुणी उच्चारलाही नाही.

घरावरून जाताना परशुरामने गाडी हळू केली. गंगा रस्त्याच्या कडेला उभी होती. काही न बोलता तिने दार उघडलं, ठोकळा मांडीवर घेतला आणि माझ्या पलीकडे बसली. मला वाटलं, राग गेला. बायकांच्या रागाचं मला काही कळत नाही, हे माझी बायको मला सांगतच असते.

आरे-वारेची चढण लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र. दुसरा गिअर, मग पहिला. इंजिन ओढत होतं, छान ओढत होतं. अर्ध्यावर आलो आणि ते खोकलं. परत खोकलं. आणि बंद पडलं.

परशुरामने हाक मारायच्या आत गंगा खाली होती. गाडी वीतभर मागे सरकली, चिरे करकरले, आणि मागून ठोकळा बसल्याचा आवाज आला.

"डिझेलमदी हवा धरली," परशुराम म्हणाला. "मना उतराय लागंल. हँडब्रेकचा काय खरा नाय. आप्पा, हितं सरका. ब्रेकवर पाय ठेवा आनी काय वाट्टेल ता झाला तरी उचलू नका."

मी पाय ठेवला. आरशात गंगा दिसत होती. "बाजूला हो गो!" परशुराम गाडीचं नाक उघडता उघडता ओरडला. ती हलली नाही. ठोकळा निसटेल या भीतीने तिने त्यावर पाय दाबून धरला होता. सहा टन चिरा, तिची एक टाच आणि माझा गुडघा. तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला. मला भयंकर भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी. मी मोठमोठ्याने रामरक्षा म्हणू लागलो आणि तीही मध्येच विसरलो.

परशुराम डिझेलचा हातपंप मारत होता. नळीतून फेस आला, मग नुसतं डिझेल. तो वर चढला, त्याने माझ्या पायावर पाय ठेवला, मग माझा पाय ओढून काढला. चावी. इंजिन एका दमात लागलं. गाडी पुढे निघाली, आणि चढण संपून सपाटी आली तेव्हाच परशुरामने ती थांबवली.

गंगा ठोकळा कमरेवर घेऊन मागून चालत आली. परशुराम घामाने निथळत होता, पण तोंडभर हसत होता. "बगितलास? इंजिनाची चूक नव्हती गो, हवा होती. आता तरी पटला का?"

"पटला म्हनून नाय आले मी," गंगा म्हणाली. इतक्या दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "देवी खोटा नाय सांगत. म्हटला, व्हायचा ता दोघांचा होऊदे. तुमाला एकट्याला नव्हते पाठवनार."

मधे बसलेला मीही त्यांच्यासोबत गेलो असतो, याचं तिला सोयरसुतक नव्हतं, आणि मलाही त्या वेळी राहिलं नाही. ती चढून बसली. परशुरामने पहिला गिअर टाकला आणि उतारावर गाडी एवढी हळू घेतली की मागच्या मोटारी हॉर्न वाजवून थकल्या. त्याचे डोळे वाहत होते. त्याने ते पुसले नाहीत, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि एक क्षणही ते उचलायची त्याची तयारी नव्हती.