ताईनं आधीच पाहिलेला आलेख

माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. लहानपणी वडिलांसाठी लपवून आणलेली भेट तिनं त्यांना दारातच सांगून टाकली होती. आता साठी आली तरी तिच्यात फारसा फरक नाही. अशा बाईला कुणी झाकाझाकीच्या कामावर ठेवलं, याचं मला कायम हसू यायचं.

ताई कण मोजते. मोठ्या यंत्रात कणांवर कण आपटतात, त्यातून जड कण जन्मतात आणि लगेच फुटतात. त्या तुकड्यांमध्ये ताई गेली बावीस वर्षं एकाच कणाच्या मागे आहे. त्याच्या आत क्वार्क म्हणतात ते आणखी बारीक कण आहेत, एक चार्म नावाचा, एक स्ट्रेंज नावाचा, आणि त्याचं वजन गणितात येतं त्यापेक्षा कमी भरतं. का कमी भरतं, यावरून भांडण. ताई म्हणते, तो एकसंध कण नाहीच. दोन मेसॉन, म्हणजे दोन-दोन क्वार्कांचे कण, एकमेकांना सैलसर धरून राहिलेत, जोडी आहे ती. कामावर तिच्या शेजारच्या खोलीत बसणारे सर म्हणतात, छे, चार क्वार्क एकाच गाठोड्यात घट्ट कोंबलेत. दोघं एकाच किटलीतला चहा पितात आणि एकमेकांच्या मताला नाकं मुरडतात. घरी आम्ही दोघी त्या सरांना गाठोडेवाले म्हणतो. तो कण बिचारा डोळ्याचं पातं लवायच्या आत मोडतो, हे भांडण मात्र मोडत नाही.

ताईचं गणित असं, की जोडी असेल तर ती एका ठरावीक तऱ्हेनं जास्त वेळा फुटायला हवी. यंदा ते मोजण्याइतकी माहिती जमली. सहा महिन्यांनी ताई निवृत्त होणार होती, तेव्हा उत्तर आपल्याच हातून निघावं म्हणून तिचा जीव नुसता वरखाली होत होता. पण त्यांच्याकडे एक रीत आहे. मोजायची पद्धत सगळ्यांनी पक्की करेपर्यंत आलेखाचा नेमका उत्तर दाखवणारा भाग संगणक झाकून ठेवतो. मला ते लगेच पटलं. मी कपडे शिवते. गिऱ्हाइकानं कमरेचा आकडा आधीच सांगितला, की माझी टेपही आपसूक तिथंच येऊन थांबते.

एका संध्याकाळी ताई आली ती थेट माझ्या मशीनपाशी येऊन बसली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं उतरवली नव्हती.

"आलेखाची मापं बदलत होते," ती म्हणाली, "आणि झाकायची ओळच माझ्याकडून पुसली गेली. सगळं दिसलं गं."

"कुणी होतं तिथं?"

"नाही."

"मग झालं तर! हूं की चूं करू नकोस."

"अगं, आता मी पद्धतीत काहीही बदललं, तरी ते बघून बदललेलं असणार. माझा मलाच भरवसा उरणार नाही."

"बरं, निदान मला तरी सांग. जोडी की गाठोडं?"

ताईनं तोंड उघडलं, मिटलं आणि चहा ठेवायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं कामावर सगळ्यांना सांगून टाकलं. नियमाप्रमाणे तिला या मोजणीतून बाहेर काढलं आणि पुढचं सगळं, कपाळ माझं, गाठोडेवाल्यांच्या हाती दिलं. निकाल लागेपर्यंत पाहिलेलं कुणाला सांगायचंही नाही. मी मनाशी निवाडा करून टाकला, की ही हरलीय. जिंकली असती तर इतक्या सहज सोडून आली असती का? मग पाच महिने मी तिचे लाड केले. तिच्या वाटचे कप विसळले, तिच्या सगळ्या कुडत्यांना न मागता खिसे लावले, टीव्हीचा रिमोटही सोडला. बाईसाहेबांनी हे सगळं निवांत करवून घेतलं.

झाकलेलं उघडायच्या दिवशी ताई घरीच, माझ्या समोर शिवण उसवत बसली होती. दुपारी फोन आला. तिच्या हातात कात्री होती, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकला.

"बाई," गाठोडेवाले म्हणाले, "तुमचा आकडा आलाय. जोडीच दिसतेय. मी तीनदा तपासलं."

"तीनदा?"

"पहिल्या दोन वेळा पटलं नाही. अभिनंदन करतो, पण नाइलाजानं."

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू जिंकलेलं पाहिलं होतंस?"

"हो."

"आणि तरी सांगून आलीस?"

"हरलेलं पाहिलं असतं, तर सांगायला काय लागत होतं?"

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. बावीस वर्षं जे बघायचं म्हणून ती जगली, ते दिसलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं.

"ताई, ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा ओरडलीस का गं?"

"नाही. दार उघडं होतं."

"मग आता ओरड."

तिनं कात्री खाली ठेवली, मोठा श्वासही घेतला. पण ओरडणं काही तिला जमेना, रडूच आलं. मलाही.