चारचौघांत सर

माझ्या ताईला कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या सरांशीच तिचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला बजावलं, "चारचौघांत मला सरच म्हणत जा. आणि घरातही तेच ठेव. घरात एक, बाहेर एक केलंस तर कधीतरी जीभ घसरेल." ताई तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. "बरं, सर," म्हणाली, आणि पुढे जन्मभर तेच म्हणत राहिली. सर, आंघोळीचं पाणी काढलंय. सर, गॅस संपलाय. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे बाबा म्हणणारंही घरात कुणी आलं नाही.

मी मात्र त्यांना भावोजी म्हणायचे. मी काही त्यांच्या वर्गात नव्हते. एका लग्नात मी लांबूनच हाक मारली, "भावोजी, इकडे जागा आहे." तर कानाशी येऊन म्हणाले, "समोर प्राचार्य बसलेत. इथे सर." मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो. निमंत्रणपत्रिकेवर नावामागे 'डॉ.' छापायचं राहिलं, तर हा माणूस त्या कार्याला जायचा नाही.

पण ते नुसतेच शिष्ट होते असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. दुसऱ्याचा मानही ते तितक्याच काटेकोरपणे द्यायचे. एका घरी जेवायला गेलो होतो. त्या घरची सून नुकतीच डॉक्टरेट मिळवून त्यांच्याच कॉलेजात लागली होती. सगळे तिला "सूनबाई, पाणी," "सूनबाई, ताट" करत होते. भावोजी उठून उभे राहिले. "डॉक्टर, आपण बसा. ताट मी नेतो." त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सासूचं तोंड एवढंसं झालं. ताई हे कौतुकानं सांगायची. एवढं पदवीचं वेड कशापायी, तेही तिनंच एकदा सांगितलं. त्यांचे वडील कपडे शिवायचे. गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना "ए टेलर" म्हणून हाक मारायचं, आणि ते "आलो" म्हणत मशीनवरून उठायचे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी भावोजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी ताईला सांगितलं, "तुम्ही त्यांना नावानं हाक मारत जा. सर म्हटलं की ते ताठ होतात आणि गप्प बसतात." खरंच होतं ते. सर म्हटलं की बिचारे डाव्या हातानं शर्टाचं वरचं बटण चाचपायचे. आई-वडील कधीच गेले होते, भावंडं नव्हती. त्यांना नावानं हाक मारणारं या जगात कुणी उरलंच नव्हतं.

मी तेव्हा मदतीला ताईकडेच राहत होते. एका दुपारी ती त्यांना चमच्यानं दूध पाजत होती. "सर, आ करा." त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग कितीतरी वेळ ओठांशी झगडून म्हणाले, "सर... नको." आणि थोड्या वेळानं, "नाव."

ताईला कळलं. मलाही कळलं. तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. "उद्या," ती म्हणाली. उद्या! जसा काही गृहपाठच राहिला होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नळ सोडून ती त्यांच्या नावाचा सराव करत होती. पाण्याच्या आवाजात मला ओठांची हालचाल तेवढी दिसली. सकाळी ती त्यांच्यापाशी गेली. ते वाटच बघत होते. ती वाकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सर, दूध."

त्यांनी मुकाट्यानं आ केला. त्यानंतर त्यांनी पुन्हा काही मागितलं नाही. आठवड्याभरात दुसरा झटका आला आणि ते गेले.

कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. जो तो उठून त्यांच्या पदव्या वाचत होता. शेवटी ताईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपाशी गेली, फोटोकडे वळली आणि तिनं त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागेपुढे काही नाही. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. मग तिनं ते पुन्हा एकदा घेतलं आणि आतल्या खोलीतून कुणी ओ देईल म्हणून थांबावं तशी थांबली.

सभागृह अवघडून गेलं. व्यासपीठावर विभागप्रमुख बसला होता, भावोजींचा लाडका विद्यार्थी. तो पुढे झुकला आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, आधी प्राध्यापक डॉक्टर म्हणा. असं सरांना आवडायचं नाही." माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. त्याला तरी काय बोल लावणार? हे त्याला भावोजींनीच शिकवलं होतं.

"चुकलं, सर," ताई फोटोला म्हणाली आणि खाली येऊन माझ्या शेजारी बसली.