कोऱ्या पानावरचे अंगठे

तांड्यातल्या माणसांचे अंगठे मीच गोळा केले, दुसऱ्या कुणी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी शिव्या घालणार आहे.

मानोऱ्याजवळच्या आमच्या गावापासून तांडा थोडा लांब. तिथे मी अंगणवाडी सेविका. अंगणवाडी कसली, एका घराची पडवी, वर गळकं टीन. पाऊस आला की लेकरं खिचडीची ताटली घेऊन भिंतीला चिकटायची. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो आणि ही लेकरंही ट्रकमध्ये चढतात. मग मागे उरते फक्त मी आणि माझी हजेरीवही!

माझी मागणी एवढीच होती की सरकारने तांड्यावर पक्की खोली बांधावी, आणि म्हातारी माणसं लेकरांना घेऊन मागे राहू शकतील अशी घरकुलं द्यावीत. पंचायत समितीत साहेब म्हणायचे, "निधी नाही." मी म्हणायचे, "मग वर मागा ना! निधी येईपर्यंत लेकरं लहानच राहणार आहेत का?" शेवटी वैतागून ते म्हणाले, ग्रामसभेचा ठराव आणा.

सरपंच माझे चुलतदीर. माझ्या हातचा चहा पीत म्हणाले, "वयनी, तुमचा शब्द मी खाली पडू देतो का? पन सभेच्या टायमाले तांडा उसात राह्यते. आताच अंगठे घेऊन ठेवा, ठराव मी वर लिहून घेतो."

आमच्याकडे ही रीतच आहे. निघण्याआधी लोक रजिस्टरच्या कोऱ्या पानावर अंगठे देऊन जातात. कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी शाईचा पॅड घेऊन दारोदार फिरले.

तीन वर्षांच्या एका पोरीच्या आईने अंगठा जरा जास्तच दाबला. "बाई, खोली झाली त पुढच्या साली पोरीले आजीपाशी ठेवून जाईन. मांगं उसाच्या फडात ट्रॅक्टरखाली येता येता वाचली थे."

"होईल गं," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

लोक उसात असतानाच ठराव पंचायत समितीत पोचला. मी हौसेने वाचायला गेले. त्यात लिहिलं होतं की आम्ही तांड्याचे रहिवासी बहुतेक काळ बाहेरगावी असतो, आम्हाला तिथे खोलीची आणि घरकुलांची गरज नाही, खोली गावात व्हावी. जागा सरपंचांच्या शेताच्या रस्त्याला. खाली सगळे अंगठे. तो दाबून उठवलेलाही.

मी तशीच सरपंचांच्या घरी गेले. म्हटलं, केसाने गळा कापलात तुम्ही माझा! तर म्हणतात, "काहून तापता, वयनी? खोली आपल्याच गावात झाली ना?" वर बायकोला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. त्या घराचा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

साहेबांकडे तक्रार केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंगठे कुणी घेतले?"

"मी."

तक्रार लिहून घ्यायला उचललेलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं.

लोक परत आले तेव्हा मी घरोघरी जाऊन खरं सांगितलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

यंदा ट्रक लागला त्या सकाळी मी नवा अर्ज घेऊन गेले. पूर्ण लिहिलेला, एक ओळ कोरी सोडली नव्हती. पोरीची आई बोचकी चढवत होती. मी तिला म्हटलं, "बघ, सगळं लिहिलंय. वाचून दाखवते, मगच अंगठा दे."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लिहेल हाये. पन वाचनार त तुमीच ना, बाई?"

आणि तिने पोरीला उचलून ट्रकमध्ये ठेवलं.